लाच न घेणारा न्यायाधीश : सर मॅथ्यू हेल

लाचेविषयी पवित्र शास्त्राचे शिक्षण इतके स्पष्ट आहे की, त्याचा अर्थ सांगण्यास पंडिताची गरज नाही. मोशेच्या द्वारे देवाने इस्राएलास बजावले की, न्याय करणाऱ्याने देणगीला हात लावू नये, कारण तिच्या योगाने शहाण्याचीही दृष्टी जाते (निर्गम २३:८, अनुवाद १६:१९). शमुवेलाचे पुत्र बैर-शेबा येथे न्याय करू लागले आणि द्रव्यलोभाने वाकड्या मार्गास लागले. परंतु त्यांचा वृद्ध पिता सर्व लोकांसमोर उभा राहून, आपण कोणाचा बैल किंवा गाढव घेतले, कोणाच्या हातची लाच घेतली, हे सांगावे, असे आव्हान देऊ शकला, व एकही मनुष्य पुढे आला नाही (१ शमुवेल १२). आमोस, यशया व मीखा या संदेष्ट्यांनी वेशीत बसणाऱ्या लाचखाऊ पुढाऱ्यांवर कोरडे ओढले. या सर्व शिक्षणाच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : आमचा देव स्वतः लाच घेत नाही आणि तोंड पाहून न्याय करीत नाही (अनुवाद १०:१७). जो त्याचा सेवक म्हणवितो त्याने त्याच्यासारखे असावे.

हे शिक्षण एका मनुष्याच्या आयुष्यात कसे उतरले, हे पाहण्यासाठी इंग्लंडचे सरन्यायाधीश सर मॅथ्यू हेल यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. आपल्याकडे १६७४ साली शिवाजी महाराजांस राज्याभिषेक झाला, त्या वेळी हेलसाहेब आपल्या देशाच्या सर्वांत मोठ्या न्यायासनावर होते. ज्या दुसऱ्या चार्ल्स राजास पोर्तुगालच्या राजकन्येशी विवाह ठरला तेव्हा मुंबई बेट आंदण मिळाले, त्याच राजाचे ते न्यायाधीश.

त्यांचा जन्म १ नोव्हेंबर १६०९ रोजी ग्लॉस्टरशायर परगण्यातील ऑल्डर्ली या खेड्यात झाला. वडील रॉबर्ट हेल वकिलीचे शिक्षण घेतलेले गृहस्थ होते. परंतु कज्जा मांडताना जे खरे नाही ते खऱ्यासारखे लिहून द्यावे लागते, ही गोष्ट त्यांच्या विवेकास टोचू लागली, म्हणून त्यांनी चालता धंदा सोडला व थोडक्या उत्पन्नात संसार चालविला. मॅथ्यू तीन वर्षांचा असता त्याची आई वारली, आणि पाच वर्षांचा असता बापही गेला. मागे धन फारसे राहिले नाही. मात्र बापाचा तो नाजूक विवेक मुलाच्या वाट्यास आला. किंग्जकोट नावाच्या एका भक्तिमान आप्ताने या पोरक्या मुलाचे संगोपन केले. त्याने पुढे पाळक व्हावे अशी त्या आप्ताची इच्छा होती.

परंतु ऑक्सफर्ड येथे विद्याभ्यासास गेल्यावर तरुण हेल नाटके, भपकेबाज पोशाख व तलवारबाजी यांच्या नादी लागला. अंगाने धिप्पाड असल्यामुळे त्यास शिपाईगिरीचा मोह पडला, आणि हॉलंड देशात जाऊन लढाईत चाकरी धरावी असे त्याने ठरविले. इतक्यात वडिलार्जित जमिनीवर दुसऱ्या एकाने हक्क सांगितला, म्हणून त्यास लंडनमध्ये वकिलाकडे जावे लागले. ग्लॅनव्हिल नावाच्या त्या वकिलाने या तरुणाची तीक्ष्ण बुद्धी ओळखली आणि कायद्याचा अभ्यास करण्याविषयी त्याचे मन वळविले. अशा रीतीने तलवार सुटली व पुस्तक हाती आले. आरंभीची कित्येक वर्षे ते दिवसाचे सोळा सोळा तास अभ्यास करीत.

त्याच काळात एक प्रसंग घडला. मित्रमंडळी मद्यपान करीत बसली असता त्यांतील एक जण इतका प्याला की, तो मेल्यासारखा खाली पडला. हेल घाबरून दुसऱ्या खोलीत गेले, दार लावून गुडघे टेकले, आणि मित्राच्या जिवासाठी व अशा संगतीत बसल्याबद्दल आपल्याला क्षमा मिळावी म्हणून त्यांनी देवाची प्रार्थना केली. मित्र शुद्धीवर आला. त्या दिवशी त्यांनी दोन नवस केले : अशी संगत पुन्हा धरावयाची नाही, आणि कोणाच्या नावाने प्याला उचलावयाचा नाही. पुढे मोठमोठ्यांच्या पंक्तीस बसण्याचे प्रसंग आले, लोकांनी थट्टा केली, तरी दोन्ही नवस त्यांनी मरेपर्यंत पाळले. लहान गोष्टीत देवास दिलेला शब्द जो पाळतो, त्यालाच मोठ्या मोहाच्या वेळी उभे राहण्याचे बळ मिळते.

त्या काळचे इंग्लंड न्यायाच्या बाबतीत निर्मळ होते असे कोणी समजू नये. हेल अकरा वर्षांचे असताना, १६२१ साली, सर फ्रान्सिस बेकन या जगप्रसिद्ध विद्वानाचे प्रकरण गाजले. तो राज्यातील सर्वश्रेष्ठ न्यायाधिकारी होता. ज्यांचे कज्जे त्याच्यापुढे होते त्यांच्याकडून त्याने पैसे व वस्तू घेतल्याचे अठ्ठावीस आरोप पार्लमेंटाने त्याच्यावर ठेविले आणि त्याने ते कबूल केले. चाळीस हजार पौंड दंड, बंदिवास व अधिकारावरून कायमची गच्छंती अशी शिक्षा त्यास झाली. राजाने दंड माफ केला व बंदिवासही थोड्याच दिवसांत संपविला, परंतु गेलेली अब्रू परत आली नाही. त्याचे म्हणणे असे होते की, देणग्या घेतल्या खऱ्या, पण त्यांमुळे निकाल फिरविला नाही. वाचकहो, हे उत्तर नीट ध्यानात ठेवा. आजही देणगी घेणारा प्रत्येक मनुष्य हेच बोलतो. पण शास्त्र केवळ निकाल फिरविण्यास मना करीत नाही, तर हात पुढे करण्यासच मना करते. कारण दृष्टी अधू झाली आहे हे त्या दृष्टीच्या धन्यास कधीच कळत नाही.

वकील झाल्यावर हेलसाहेबांनी आपल्या वडिलांची आठवण विसरू दिली नाही. जो पक्ष अन्यायाचा आहे अशी त्यांची खात्री होई, त्याचे काम ते घेत नसत. अशिलाने वीस शिलिंग आणून दिले तर दहा परत करीत. दोघांमध्ये तडजोड करण्यासाठी लोक त्यांस पंच नेमीत, तेव्हा ते एक पैही घेत नसत. कारण पंच म्हणजे न्यायाधीशच, आणि न्यायाधीशाने पक्षकाराचे द्रव्य घ्यावयाचे नसते, असे त्यांचे मत होते. मिळकतीचा दहावा हिस्सा ते गरिबांसाठी बाजूला ठेवीत. कोणी खोटी नाणी त्यांच्या पदरात टाकली तर ती पुन्हा बाजारात चालवून दुसऱ्यास फसविण्याऐवजी ते घरीच साठवीत. शेवटी तो ढीग चोरांनी मोठे घबाड समजून लांबविला!

पुढे राजा व पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटले, १६४९ साली पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाला, आणि राज्याची सूत्रे क्रॉम्वेल या सेनापतीच्या हाती गेली. हेलसाहेब कोणत्याच पक्षाचे आंधळे अनुयायी नव्हते. राजपक्षाचे लोक संकटात सापडले तेव्हा त्यांची बाजू त्यांनी निर्भयपणे मांडली होती. तरी १६५४ साली क्रॉम्वेलने त्यांस न्यायाधीश होण्याचा आग्रह केला. राज्य कोणाचेही असो, रयतेच्या जीविताचे व वित्ताचे रक्षण कायद्याने झालेच पाहिजे, असा विचार करून पुष्कळ संकोचानंतर त्यांनी ते पद पत्करले.

लवकरच कसोटी आली. लिंकन शहरी एका शिपायाने राजपक्षाच्या एका नागरिकास ठार मारले होते. तो नागरिक बंदूक घेऊन फिरत होता, आणि ते सरकारी हुकुमाविरुद्ध होते, अशी शिपायाची सबब होती. एक कर्नल न्यायालयात येऊन त्याची बाजू घेऊ लागला. हेलसाहेबांनी त्याच्या हुद्द्याची पर्वा केली नाही. खुनाचा अपराध शाबीत झाला तेव्हा शिक्षा दिली, आणि वरून दडपण येण्यापूर्वीच तिची अंमलबजावणी होईल अशी व्यवस्था केली. दुसऱ्या एका खटल्यात, ज्यूरीची माणसे शेरीफने निवडलेली नसून क्रॉम्वेलच्या हुकुमाने बसविलेली आहेत, असे त्यांस कळले. त्यांनी कायद्याचे कलम पाहिले, ज्यूरीला घरी पाठविले व खटला चालविण्याचे नाकारले. क्रॉम्वेल संतापून, तुम्ही न्यायाधीश होण्यास लायक नाही, अशा अर्थाचे बोलला. हेलसाहेबांनी शांतपणे ते मान्य केले! लाच केवळ पैशाचीच असते असे नाही. वरिष्ठाची मर्जी हीही एक लाचच आहे, आणि पैशाच्या थैलीला न भुलणारे पुष्कळ लोक तिला भुलतात.

१६६० साली दुसरा चार्ल्स गादीवर आला. शत्रुपक्षाच्या राज्यात अधिकार भोगलेल्या या मनुष्यास नव्या राजाने काढून टाकले नाही. उलट त्याच वर्षी खजिन्यासंबंधीच्या न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश नेमले. प्रामाणिक मनुष्याची गरज दोन्ही पक्षांस असते. याच पदावर असताना ज्या गोष्टींमुळे त्यांचे नाव आजपर्यंत टिकले त्या घडल्या.

न्यायाधीशांनी परगण्या-परगण्यांत फिरून कज्जे निवडण्याची तेथे वहिवाट होती. अशा एका फेरीत एका गृहस्थाने हेलसाहेबांच्या मुक्कामी मारलेले हरीण पाठविले. चाकरांनी ते शिजवून टेबलावर वाढले. पुढे त्याच गृहस्थाचा दावा न्यायासनापुढे आला. नाव ऐकताच हेलसाहेबांनी, हरीण पाठविणारे ते हेच काय, अशी विचारणा केली. होय असे कळल्यावर त्यांनी सांगितले की, त्या हरणाची किंमत चुकती केल्याशिवाय हा दावा चालणार नाही. गृहस्थाने उत्तर दिले की, आपण हरणांचा व्यापार करीत नाही, आणि जो जो न्यायाधीश या बाजूस येतो त्यास आपण असेच मांस पाठवीत असतो. तेथे जमलेल्या अनेकांनी ही गोष्ट खरी असल्याची साक्षही दिली. परंतु गुप्त देणगीने न्यायाची वाट वाकडी होते, हे शलमोनाचे शिक्षण (नीतिसूत्रे १७:२३) हेलसाहेबांच्या मनात पक्के बसले होते. त्यांनी हट्ट सोडला नाही. तेव्हा त्या गृहस्थाने रागावून आपला दावाच काढून घेतला. दुसऱ्या एका गावी मोठ्या देवळाच्या धर्माधिकाऱ्यांनी रिवाजाप्रमाणे साखरेच्या सहा ढेपा पाठविल्या होत्या. त्यांचाही दावा चालावयाचा होता. हेलसाहेबांनी चाकराकडून साखरेचे पैसे आधी पोचविले आणि मग दावा ऐकला. देणारे धर्माधिकारी आहेत म्हणून देणगी पवित्र होत नाही.

एकदा एक मोठा सरदार आपल्या कज्ज्याची हकिकत सांगण्यासाठी त्यांच्या घरी आला. हेलसाहेबांनी त्याला मध्येच थांबविले. दोन्ही पक्षांच्या समक्ष उघड्या न्यायालयात जे सांगितले जाईल तेवढेच आपण ऐकतो, असे सांगून त्यांनी त्यास निरोप दिला. सरदार चिडून राजाकडे गाऱ्हाणे घेऊन गेला. चार्ल्स राजा स्वतः चैनी व ढिल्या आचरणाचा होता, तरी त्याने सरदाराची समजूत अशी घातली की, आपण राजा असून आपल्या कामासाठी गेलो असतो तरी याहून बरी वागणूक मिळाली नसती.

मात्र गरिबाचे तोंड पाहूनही त्यांनी न्याय केला नाही. स्वतःसाठी त्यांनी काही नियम लिहून ठेविले होते. त्यांत, श्रीमंताची भीड जशी धरावयाची नाही तशीच गरिबाच्या कळवळ्यानेही न्यायाचा काटा हलू द्यावयाचा नाही, असा नियम होता. मोशेच्या नियमशास्त्राचेही हेच सांगणे आहे (निर्गम २३:३, लेवीय १९:१५). गरिबासाठी त्यांचा कळवळा न्यायासनावर नव्हे, तर स्वतःच्या घरात दिसे. गरीब शेजाऱ्यांना ते आपल्या घरी जेवावयास बसवीत. काम करण्याजोग्या भिकाऱ्यांकडून दगड गोळा करवून त्यांस मजुरी देत, आणि ते दगड गाड्यांनी नेऊन रस्ते दुरुस्त करवीत. १६६६ साली लंडन शहरास आग लागून तेरा हजारांवर घरे भस्म झाली. जळालेले घर कोणी बांधावे, भाडे कोणी द्यावे, याविषयी मालक व भाडेकरू यांच्यात असंख्य तंटे उपस्थित झाले. ते मिटविण्यास जे न्यायाधीश मोबदला न घेता बसले, त्यांत हेलसाहेब प्रमुख होते.

चरित्र खरे सांगावयाचे तर डाग झाकून चालत नाही. पवित्र शास्त्रही दावीदाचे पाप झाकीत नाही. १६६१ च्या ऑगस्टमध्ये बेडफर्ड येथे एक दीन स्त्री हेलसाहेबांपुढे आली. यात्रेकरूची प्रसिद्ध रूपककथा ज्याने पुढे लिहिली, त्या जॉन बन्यनची ती पत्नी. परवानगीवाचून उपदेश केल्याबद्दल नवरा तुरुंगात, सावत्र मुले चार, त्यांतील एक आंधळे. बरोबरचा न्यायाधीश तिच्यावर खेकसला. हेलसाहेबांनी सौम्यपणे ऐकून घेऊन कायद्याचे कोणते मार्ग मोकळे आहेत ते सांगितले. परंतु त्याहून अधिक काही केले नाही, आणि बन्यन १६७२ पर्यंत कैदेत राहिला. दुसरा डाग याहून काळा आहे. १६६२ साली बरी सेंट एडमंड्स येथे दोन वृद्ध विधवांवर, त्यांनी चेटूक करून मुलांस पीडा दिली, असा आरोप आला. मुलांचे झटके ढोंगाचे असावेत असा संशय न्यायालयातच काही सभ्य गृहस्थांस आला होता. परंतु हेलसाहेबांनी पुराव्याची छाननी ज्यूरीपुढे केली नाही. चेटूक खरोखर असते एवढे मात्र सांगितले. दोघीही फासावर गेल्या. तीस वर्षांनी अमेरिकेत सेलम येथे अशाच खटल्यांत या निकालाचा आधार घेतला गेला.

ज्याने हरणाच्या मांसाने आपली दृष्टी जाऊ दिली नाही, त्याची दृष्टी लोकभयाने व त्या काळच्या समजुतीने गेली. हात स्वच्छ असणे अवश्य आहे, पण तेवढ्याने भागत नाही. देवापासून विवेक मागावा लागतो. आपल्याही मुलखात एखाद्या निराधार म्हातारीस भुताळी ठरवून तिला छळल्याच्या गोष्टी घडल्या आहेत. महाराष्ट्रात २०१३ साली अशा अघोरी प्रकारांविरुद्ध कायदा झाला. ख्रिस्ती मनुष्याने अशा वेळी गावाच्या ओरडीत आपला आवाज मिळवू नये, तर त्या म्हातारीच्या दारात जाऊन उभे राहावे.

१६७१ साली हेलसाहेब इंग्लंडचे सरन्यायाधीश झाले. पाच वर्षांनी प्रकृती खालावली तेव्हा, लोकांचा आग्रह असूनही, १६७६ च्या फेब्रुवारीत त्यांनी पद सोडले आणि ते ऑल्डर्लीस परतले. दहा अपत्यांपैकी दोनच मागे उरली होती. पण त्यांनी कुरकुर केली नाही. दरवर्षी नाताळच्या दिवशी ख्रिस्तजन्मावर पद्य रचण्याचा त्यांचा परिपाठ होता. त्याच १६७६ सालच्या नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबरास, ते प्रभूकडे गेले. देवळाच्या आत पुरण्याची मोठ्या लोकांची रीत त्यांस पसंत नव्हती. म्हणून गावच्या उघड्या स्मशानभूमीत, गोरगरिबांच्या शेजारी, त्यांस मूठमाती देण्यात आली.

आता, प्रिय बंधुभगिनींनो, आपण न्यायाधीश नाही, तेव्हा या चरित्राशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण आपल्या मंडळ्यांत पंच बसतात. सोयरिकीचे, बांधाचे, नवराबायकोचे तंटे पाळक व उपदेशक यांच्यापुढे येतात. पंचायतीच्या आदल्या दिवशी एका पक्षाकडून कोंबडी किंवा पायलीभर तांदूळ घरी आला, तर ते हेलसाहेबांचे हरीणच समजावे. देणारा म्हणेल, हा नेहमीचा रिवाज आहे. त्या गृहस्थानेही तेच म्हटले होते. अशा वेळी वस्तू परत करावी किंवा तिचे दाम द्यावे. आणि एका पक्षाची कहाणी दुसऱ्याच्या पाठीमागे ऐकू नये.

देणाऱ्याचा प्रश्न याहून कठीण आहे. कचेरीत हात ओले केल्यावाचून कागद हलत नाही, आणि आम्ही गरीब. तेव्हा आम्ही काय करावे? या प्रश्नाला हलके उत्तर देणे हे गरिबाची थट्टा करण्यासारखे होईल. लाच न देणाऱ्याचे काम खोळंबते, फेऱ्या वाढतात, कधी कधी हातची वस्तूही जाते. पण प्रेषित पौलाकडे पाहा. सुभेदार फेलिक्स पैशाच्या आशेने त्यास वारंवार बोलावीत असे (प्रेषितांची कृत्ये २४:२६). मंडळ्यांनी वर्गणी केली असती तर पौल सुटला असता. तो दोन वर्षे कैदेत राहिला, पण त्याने सुटका विकत घेतली नाही. आणि एक भेद ध्यानात ठेवा : दुसऱ्याचे हिरावून घेण्यासाठी जो देतो तो चोराचा भागीदार आहे, आपल्याच हक्काच्या वस्तूसाठी ज्याच्याकडून उकळले जाते तो लुटलेला मनुष्य आहे. आपल्या देशाच्या कायद्यानेही हा भेद ओळखला आहे. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली जी दुरुस्ती झाली, तिच्याप्रमाणे लाच देणाराही अपराधी ठरतो. मात्र ज्यास भाग पाडून द्यावयास लावले, त्याने सात दिवसांच्या आत अधिकाऱ्यांस कळविले तर त्यास संरक्षण आहे. म्हणून लुटलेल्या मनुष्याने गप्प बसू नये, आणि मंडळीने त्यास एकटे सोडू नये. अक्षरशत्रू बंधूबरोबर वाचता येणाऱ्याने कचेरीत जावे, अर्ज लिहून द्यावा, पोच मागून घ्यावी. दोघे गेले म्हणजे मागणाऱ्याची जीभ आखडते.

शेवटी, ज्या न्यायासनापुढे आपणा सर्वांस उभे राहावयाचे आहे, तेथे हरीण, साखर किंवा रुप्याची थैली चालत नाही. तेथे आपला वकील फी न घेता उभा आहे; उलट आपल्यासाठी त्याने स्वतःचे रक्त दिले आहे. ज्यांना फुकट न्यायी ठरविले गेले, त्यांनी न्याय विकू नये व विकतही घेऊ नये. शमुवेलाप्रमाणे सर्व गावासमोर उभे राहून हिशेब देण्याचे धैर्य प्रभू आपल्या पंचांस, पाळकांस व प्रत्येक कुटुंबास देवो. आमेन.